मार्ग कापला, पण त्यावरच्या गाड्या कुठे गेल्या?

प्रश्न असा आहे: "आमच्या उपनगरातल्या वसाहतीतून शहरात थेट जाणारी बेस्टची बस होती. आता ती जवळच्या स्टेशनापर्यंतच येते, पुढे दुसरी बस धरावी लागते. कारण दिलं: भारमान कमी (म्हणजे गाडीत प्रवासी कमी), मार्गांचं सुसूत्रीकरण. हे खरंच नियोजन असतं की नुसती कपात? आणि कोणता मार्ग कापायचा हे ठरवतात कसं?"

मार्गाचा क्रमांक आणि वेळा दिलेल्या नाहीत, त्यामुळे तुमच्या बसच्या बाबतीत निर्णय बरोबर होता की चूक, हे इथून सांगता येणार नाही. लांब मार्ग तोडणं काही वेळा अगदी योग्य असतं. पण नियोजन आणि कपात वेगळं ओळखायची एक खूण आहे. मार्ग आखूड केल्यावर ज्या गाड्या सुटल्या, त्या कुठे धावताहेत? उत्तरात मार्गाचं नाव आणि वेळ असेल तर ते नियोजन. "डेपोत", "इतरत्र गरज होती" किंवा "गाड्यांचा भाडेकरार संपला" असं उत्तर आलं तर ती कपात, तिला सुसूत्रीकरण म्हटलं तरी.

हिशोब करून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पद्धत मात्र खरी आहे.

समजा मार्ग 13 किलोमीटरचा आहे. गर्दीच्या वेळी मुंबईत ताशी 11 किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर एका बाजूला 70 मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना 10-10 मिनिटं थांबा. हा थांबा चैन नव्हे. उशिरा आलेली गाडी पुढच्या फेरीला वेळेवर सुटावी आणि चालकाला लघवीला जाता यावं, यासाठी तो असतो. म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण फेरा 160 मिनिटांचा. दर 20 मिनिटांनी गाडी हवी असेल तर 160 भागिले 20, म्हणजे 8 गाड्या लागतात.

आता मार्ग 4 किलोमीटरचा केला, वसाहत ते स्टेशन. एका बाजूला 22 मिनिटं, टोकांना 8-8 मिनिटं, पूर्ण फेरा 60 मिनिटांचा. त्याच 8 गाड्या इथे फिरवल्या तर साडेसात मिनिटांनी एक गाडी मिळते. चार ठेवल्या तर 15 मिनिटांनी. आणि तीनच ठेवल्या तर पुन्हा दर 20 मिनिटांनी, म्हणजे पूर्वीइतकीच वाट बघायची, वर स्टेशनाबाहेर उतरून दुसऱ्या बसची रांग. कागदावर तिन्ही प्रकारांचं नाव एकच: "मार्ग खंडित करून फीडर केला", फीडर म्हणजे स्टेशनापर्यंत पोचवणारी आखूड मार्गाची बस. प्रवाशाच्या दृष्टीने पहिला प्रकार सुधारणा आहे, दुसरा देवाणघेवाण आहे आणि तिसऱ्यात पाच गाड्या त्याच्याकडून काढून घेतल्या आहेत. मार्गाची लांबी बघून यातलं काही कळत नाही. फेऱ्याची वेळ आणि गाड्यांची संख्या मागावी लागते.

लांब मार्ग तोडायच्या बाजूने जे आहे तेही सांगायला हवं. शहर ओलांडणाऱ्या मार्गावर एका ठिकाणची कोंडी दुसऱ्या टोकाला भोवते. शीवला अडकलेली गाडी परतीच्या फेरीला उशिरा पोचते, तिच्या मागची तिला गाठते आणि थांब्यावर अर्धा तास काहीच नाही, मग लागोपाठ दोन असं होतं. याची किंमत लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त असते. दर 10 मिनिटांनी नेमाने येणाऱ्या बससाठी सरासरी 5 मिनिटं थांबावं लागतं. त्याच गाड्या 2 मिनिटं आणि 18 मिनिटं अशा अंतराने आल्या तर? गाड्या तितक्याच, तरी सरासरी प्रतीक्षा 8.2 मिनिटं होते, कारण बहुतेक लोक त्या 18 मिनिटांच्या खिंडारात येऊन उभे राहतात. (हिशोब: प्रत्येक अंतराचा वर्ग करा, बेरीज करा, तिला एकूण वेळेच्या दुपटीने भागा. 4 अधिक 324, भागिले 40.) आखूड मार्गावर अशी जोडगोळी कमी वेळा जमते. म्हणून पुलांची किंवा मेट्रोची कामं चालू असताना लांब मार्ग तोडायचं समर्थन मी करीन, पण सुटलेल्या गाड्या त्याच पट्ट्यात राहिल्या तरच.

आता "भारमान कमी" या कारणाकडे वळू. हा आकडा काढतात कसा, हे बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

तिकीट यंत्रातून कळतं ते प्रवासी कोणत्या टप्प्यात चढला आणि कुठपर्यंतचं तिकीट काढलं. तो खरा कुठे उतरला हे कळत नाही. पासवाल्याची नोंद वाहकाने प्रत्येक वेळी केली तरच होते, आणि सकाळी सव्वाआठला दारात लोंबकळणारी माणसं असताना ती होत नाही. म्हणजे गाडी जितकी भरलेली, तितकी नोंद अपुरी. वसाहतीतल्या मार्गावर पासवाले जास्त असतात, त्यामुळे तोच मार्ग कागदावर रिकामा दिसतो. यावर उपाय जुनाच आहे: सर्वांत गर्दीच्या थांब्यावर दोन माणसं उभी करायची, एकाने वेळ लिहायची, दुसऱ्याने गाडीतली डोकी मोजायची. सलग पाच कामाचे दिवस आणि एक शनिवार एवढं पुरतं. गणपती, दिवाळी, मे महिना आणि पावसाळ्याचा पहिला आठवडा टाळायचा. मुंबईत दुपारी बारा ते दीडही मोजायचंच, कारण दोन पाळ्यांच्या शाळांमुळे तेव्हा एक छोटी गर्दीची वेळ असते. "दुपारच्या फेऱ्या रिकाम्या" म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास सुटते.

दुसरी चूक तात्पुरत्या कारणाला कायमचं मानायची. शीवचा रेल्वेवरचा रस्तापूल 1 ऑगस्ट 2024 पासून बंद झाला आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बसना वळसे घ्यावे लागले. वळशाने वेळ वाढतो, वेळ वाढला की तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी गळतात. अशा काळातले आकडे काढून "या मार्गाला मागणी नाही" असा निष्कर्ष काढणं म्हणजे पाय प्लास्टरमध्ये असताना धावण्याची परीक्षा घेणं.

तिसरी गोष्ट जरा गंमतशीर आहे. कपात केल्यावर प्रति किलोमीटर उत्पन्न जवळजवळ नेहमीच वाढतं, आणि ते यश म्हणून दाखवलं जातं. ब्रिटनमधल्या अभ्यासांचा ढोबळ अंदाज असा की बसचे किलोमीटर 10 टक्के कमी केले तर प्रवासी लगेच 4 टक्के कमी होतात आणि काही वर्षांत 7 टक्के. आता 100 किलोमीटरचे 90 केले आणि प्रवासी 100 चे 96 झाले. 96 भागिले 90, म्हणजे दर किलोमीटरमागे प्रवासी साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढले! प्रत्यक्षात बस वापरणारी माणसं कमी झाली, तरी तक्ता सुधारला. पुढल्या वर्षी हाच तक्ता दाखवून आणखी एक कात्री लावता येते. मुंबईत शेअर रिक्षा हाताशी असल्यामुळे गळती ब्रिटनपेक्षा जलद होत असावी असं मला वाटतं. रिक्षाच्या रांगेत बसलेला माणूस बसच्या थांब्यावर सहसा परत येत नाही.

मग पैसे खरंच वाचतात कुठे? इथे लोकांचा आणि कधीकधी वरिष्ठांचाही गोंधळ होतो. दुपारच्या दोन फेऱ्या काढल्या तर वाचते ती वीज किंवा इंधन आणि थोडी टायरची झीज. चालकाचा पगार तोच, गाडी तीच. पैसे वाचतात ते पूर्ण ड्युटी निघाली तर, आणि गाडी वाचते ती सकाळच्या गर्दीतली एक गाडी कमी झाली तर, कारण ताफा किती लागणार हे सकाळी 8 ते 10:30 ठरवतं. रात्री साडेदहानंतरच्या फेऱ्या काढून एकही गाडी वाचत नाही. उलट शेवटची बस गेली की दुसऱ्या पाळीचा कामगार जातानाचीही बस सोडतो, कारण परतीची खात्री नसलेला प्रवास कोण सुरू करेल?

भाडेतत्त्वावरच्या गाड्यांनी हे आणखी अवघड केलं आहे. बेस्टमध्ये 2019 पासून अशा गाड्या वाढत गेल्या. त्यात गाडी आणि चालक कंत्राटदाराचा असतो आणि पैसे किलोमीटरवर मिळतात. अशा करारांत साधारणपणे रोजच्या किमान किलोमीटरची हमी असते, आणि त्याखाली गाडी धावली तरी न धावलेल्या किलोमीटरचे काही पैसे द्यावे लागतात. मार्ग कापून गाडी हमीच्या खाली गेली तर कपातीतून हाती फारसं लागत नाही. म्हणून मार्ग कापण्याआधी करारातलं ते कलम वाचायचं. विजेच्या गाडीला दिवसात चार्जिंगसाठी काढावं लागतं आणि डेपोत सॉकेट मोजकेच असतात. त्यामुळे दुपारी फेऱ्या कमी दिसतात, त्यातलं थोडं अपरिहार्य आहे. पण चार्जिंगला सगळ्या गाड्या एकाच वेळी काढल्या आणि थांब्यावर चाळीस मिनिटांचं खिंडार पडलं, तर तो वेळापत्रकाचा दोष, बॅटरीचा नव्हे.

मोठं चित्रही समोर ठेवा. 2010 च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून जास्त गाड्या होत्या, 2025 मध्ये त्या तीन हजारांच्या आत आल्या. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. तीच धरली तरी लाखामागे फार तर 24 गाड्या होतात. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांत सर्वांत वरच्या पातळीसाठी लाखामागे 60 गाड्या अपेक्षित आहेत. इतक्या कमी गाड्यांत नियोजनकार कितीही हुशार असला तरी कुणाच्या तरी ताटातलं काढूनच दुसऱ्याला वाढणार. म्हणून कोणाचं काढू नये, हे आधी ठरवावं लागतं.

माझ्या मते मुंबईत सर्वांत शेवटी हात लावावा तो पूर्व-पश्चिम मार्गांना. लोकल उत्तर-दक्षिण धावते. पश्चिम उपनगरातून पूर्व उपनगरात जायला ती कामाची नाही, दादर गाठून उलटं यावं लागतं. चारशेच्या मालिकेतले मार्ग त्याचसाठी आहेत. अंधेरी-घाटकोपरला 2014 पासून मेट्रो आहे, त्या पट्ट्यात समांतर बसचा फेरविचार योग्य. पण जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता किंवा गोरेगाव-मुलुंड पट्टा यांना तो न्याय लावता येत नाही. त्यानंतर इस्पितळांचे मार्ग. केईएम, शीव, नायर आणि परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणाऱ्यात गाडी बदलू न शकणारी माणसं असतात: एका हातात फाइल, दुसऱ्या हाताला पेशंट. तिथे थेट बस दर 30 मिनिटांनी असली तरी ती दोन तुकड्यांतल्या दर 10 मिनिटांच्या बसपेक्षा बरी.

आधी हात लावावा तो समांतर मार्गांना. दोन मार्ग तीन चतुर्थांश रस्ता एकत्र जात असतील आणि दोन्हींवर 25 मिनिटांनी गाडी असेल, तर त्यांच्या गाड्या अनेकदा एकामागोमाग येतात, कारण वेळापत्रकं दोन वेगळ्या डेपोंनी स्वतंत्रपणे केलेली असतात. इथे कापायच्या आधी नुसत्या वेळा मागेपुढे करून पाहाव्यात. गाडी न वाढवता सामाईक रस्त्यावर दर साडेबारा मिनिटांनी बस मिळते. एवढं करूनही एक मार्ग काढायचाच असेल तर त्याच्या उरलेल्या चतुर्थांश शेपटात किती माणसं चढतात ते मोजायचं. वादाचा मुद्दा ते शेपूटच असतं. सामाईक रस्त्यावरचे लोक तक्रार करत नाहीत, शेपटातले करतात आणि त्यांचं बरोबर असतं.

गाडी बदलायला लावायचीच असेल तर तीन गोष्टी जागेवर जाऊन बघाव्या लागतात. पहिली, जागा. मुंबईत "स्टेशन" ही एक जागा नसते, पूर्व आणि पश्चिम अशा दोन असतात. पहिली बस पूर्वेला सोडते आणि पुढची पश्चिमेहून सुटते, असं झालं तर मधे पादचारी पूल, त्यावर संध्याकाळची लोकलची गर्दी आणि खाली फेरीवाले. नकाशावर 150 मीटर दिसणारं अंतर म्हाताऱ्या माणसाला 12 मिनिटांचं पडतं. दुसरी, बस वळायला जागा आणि स्टार्टरची, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची, चौकी. वळायला जागा नसेल तर गाडी पुढच्या सिग्नलपर्यंत रिकामी जाऊन येते आणि वाचवलेली मिनिटं तिथेच जातात. तिसरी, भाडं. 9 मे 2025 पासून साध्या बसचं किमान भाडं 5 किलोमीटरपर्यंत 10 रुपये, वातानुकूलित 12 रुपये. वरच्या उदाहरणातला 13 किलोमीटरचा थेट प्रवास साध्या बसने 20 रुपयांत होतो. तोडल्यावर 4 किलोमीटरचे 10 आणि उरलेल्या 9 किलोमीटरचे 15, असे 25. दिवसाला जाऊन-येऊन 10 रुपये जास्त, तेही पूर्वीपेक्षा वाईट प्रवासासाठी. अमर्याद प्रवासाचा पास असलेल्याला हा फटका बसत नाही, सुट्या तिकिटावर जाणाऱ्याला बसतो, आणि रोजंदारीवर जाणारा बहुधा सुटंच तिकीट काढतो. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने 2004 मध्ये मार्गांची फेरमांडणी केली तेव्हा भाडं एकूण अंतरावर केलं, गाडी कितीदा बदलली यावर नाही. लंडनमध्ये 2016 पासून एका भाड्यात तासाभरात दुसरी बस धरता येते. गाडी बदलायला लावून दुसरं तिकीट मागणं, हे मार्ग तोडण्याच्या कुठल्याही योजनेतलं सर्वांत कच्चं टोक आहे.

ज्या कपातीची नोटीस लागत नाही ती सर्वांत वाईट. वेळापत्रकात दर 15 मिनिटांनी चार गाड्या, एक बिघडली, तिच्या जागी दुसरी आली नाही. उरलेल्या तीन गाड्या दर 20 मिनिटांनी सोडायचा निर्णय चौकीवर घेता येतो, पण तो घेतला नाही तर फेऱ्यात एक 30 मिनिटांचं खिंडार राहतं आणि थांब्यावरचा प्रत्येक चौथा दिवस वाया जातो असं लोकांना वाटू लागतं. मार्ग अधिकृतपणे चालू असतो, त्यामुळे तक्रारीला उत्तर येतं: "सेवा सुरळीत आहे."

तुम्ही काय करायचं? "आमची बस परत द्या" या अर्जाला साच्यातलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा आधी मोजा. वसाहतीतल्या तिघांनी आळीपाळीने सोमवार ते शुक्रवार सकाळी 8 ते 10 थांब्यावर प्रत्येक गाडी किती वाजता आली, एवढंच वहीत लिहावं. गाडीत उभे किती याचा अंदाजही लिहा. वरचं वर्गांचं सूत्र लावून सरासरी प्रतीक्षा काढा आणि ती छापील वेळापत्रकाशेजारी मांडा.

मग माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "मार्ग का बंद केला" असं विचारू नका, त्यावर मत मिळतं, माहिती मिळत नाही. मागायचं ते असं: बदलाआधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांत या मार्गावर ठरलेल्या फेऱ्या व प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, तारीखवार, सकाळच्या गर्दीत नेमलेल्या गाड्यांची संख्या, आधी व नंतर, टप्पावार तिकिटं व पासची नोंद, आणि कमी झालेल्या गाड्या कोणत्या मार्गावर, कोणत्या तारखेपासून लावल्या त्याचा आदेश. शेवटच्या मुद्द्यावर "माहिती संकलित नाही" असं आलं, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समजायला हरकत नाही.

ठरलेल्या फेऱ्या भरपूर आणि झालेल्या कमी असं निघालं, तर भांडण मार्गाचं नाही, गाड्यांच्या देखभालीचं किंवा माणसांच्या तुटवड्याचं आहे, आणि ते डेपोच्या व्यवस्थापकाकडे न्यायचं. फेऱ्या नीट होत असतील पण गाड्याच कमी नेमल्या असतील, तर थेट बसचा हट्ट सोडून फीडरवर गाडी वाढवून मागा. वरच्या उदाहरणात दर 20 मिनिटांची बस दर 15 मिनिटांनी करायला एकच गाडी लागते. थेट मार्ग पूर्ववत करायला मात्र पाच, आणि त्या कुठून आणायच्या हे वेळापत्रक विभागालाही ठाऊक नसतं. एका गाडीची मागणी हाताने लिहिलेल्या पाच दिवसांच्या नोंदीसह आली तर ती बाजूला सारणं अवघड जातं. संध्याकाळी परतीची नोंद करायला विसरू नका. स्टेशनावरून वसाहतीकडे येणाऱ्या बसची अवस्था बहुतेक वेळा सकाळपेक्षा वाईट असते आणि तिच्याबद्दल लिहिणारं कुणी नसतं, सगळ्यांना घरी जायची घाई असते.